हौसेची झोळी

झाडाला झोळी टांगायला काय लागतं? दोन झाडं आणि एक झोळी. हे आमच्या ह्यांचं मत, आणि संसाराला इतकी वर्षं झाल्यावरही मी त्यावर विसंबले. पेण-रोह्याकडे जाऊन चार दिवस झाडाखाली लोळायचा कुणाचा बेत असेल तर आधीच सांगून ठेवते: झोळी कसलीही घ्या, पट्टा मात्र बघून घ्या.

आम्ही गेलो तेव्हा भातं कापणीला आली होती. माणसं तीनच. मी, आमचे हे, म्हणजे श्रीकांत, आणि माझी थोरली बहीण माई. सगळा खटाटोप माईसाठी होता. दीड वर्षापूर्वी तिचा मुलगा केदार गेला. दवाखान्यातून आणल्यावर आपल्याकडे करतात तसं त्याला हॉलमध्ये फरशीवर उतरवला, आणि माई त्याच्या उशाशी बसून राहिली. तेव्हापासून ती आडवी झाली की तिला वाटतं, आपल्यालाच भुईवर घेतलंय. पलंगावर निजवली तरी हात खाली सोडून फरशी किती लांब आहे ते चाचपते आणि उठून बसते. जमिनीवर तर ती बसतसुद्धा नाही, जेवायलाही नाही. खुर्चीत डुलक्या घेते तेवढीच झोप. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, नवस झाले.

मग उन्हाळ्यात एका मैत्रिणीच्या शेतावर दोन झाडांना टांगलेल्या झोळीत ती सहज म्हणून टेकली आणि चहाची वेळ टळून गेली तरी उठली नाही. उठल्यावर एवढंच म्हणाली, "खाली काहीच नव्हतं ना."

त्या एका वाक्यावर आम्ही निघालो. मैत्रिणीचीच झोळी आणून ठाण्याच्या घरात टांगून बघितली होती, पण भिंतीतला हुक गिलाव्यासकट हातात आला. ह्यांच्या जुन्या ऑफिसातल्या मित्राची खांब गावाजवळ जागा आहे, एक खोली, पडवी आणि सागाची रांग. तिथे बघू, माईला झोप लागते असं दिसलं तर घरात झोळी टांगायला लोखंडी घोडा करून घेऊ, असं ठरलं. माई एकटी झोळीत निजायला तयार नव्हती. "मी काय तान्ही आहे?" म्हणाली. म्हणून ह्यांनी स्वस्तात तीन झोळ्या मागवल्या. स्वस्त का, ते पुडकं फोडल्यावर कळलं. झाडाला बांधायचे पट्टे त्यात नव्हते. ते वेगळे घ्यायचे, आणि त्यांची किंमत झोळीपेक्षा जास्त. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. "पट्टे पेणच्या बाजारात मिळतील," हे म्हणाले.

पेण

पेणला एसटीतून उतरलो. गणपतीचा हंगाम सरला तरी कारखान्यांच्या दारात पुढच्या वर्षीच्या मूर्ती पांढऱ्याफटक उभ्या होत्या, डोळे नसलेल्या. माई त्यांच्याकडे न बघता चालली. मी पोह्याचे पापड घेतले. पेणला येऊन पोह्याचे पापड घेतले नाहीत तर घरी काय सांगायचं, ही सवय माणसाला दुःखातही सोडत नाही.

दोर, ताडपत्री, सुंभ असलं विकणाऱ्या एका दुकानात आम्ही शिरलो. दुकानदार वयस्कर, टोपीवाले. ह्यांनी हॅमॉक, स्ट्रॅप, लोड असं इंग्रजीतून सुरू केलं. त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलेना, तेव्हा मी मधे पडले. म्हटलं, "काका, झोळी बांधायचीय. माणूस तोलेल असा पट्टा पाहिजे."

काका ताडकन उठले. हातातला चहा खाली ठेवला. "पेशंट कुठल्या वाडीचा?" म्हणाले. "किती लांब न्यायचाय? बाई हाय का बाप्या?" आणि आमच्या उत्तराची वाट न बघता निळ्या नायलॉनच्या दोरीचं भेंडोळं उतरवून दोन्ही हात पसरत वावेवर मापायला लागले. "बांबूला दोन्ही टोकांना चार-चार येढे घ्या. आनि पैशाचं मागनं बघू. पेशंटच्या झोळीवर आमी नफा घेत नाय."

आम्ही तिघं बघतच राहिलो. इकडे डोंगरातल्या कितीतरी वाड्यांना रस्ता नाही. आजारी माणसाला चादरीत घालायचं, ती बांबूला बांधायची आणि खांद्यावरून खाली गाडीरस्त्याला आणायचं. त्या चादरीला इथे झोळी म्हणतात. हे मी पेपरात वाचलं होतं, पण दुकानात उभं राहून 'झोळी' म्हणताना माझ्या डोक्यात तान्हं मूल होतं, आणि काकांच्या डोक्यात मरायला टेकलेलं माणूस.

ह्यांनी चाचरत खुलासा केला. काका खाली बसले. थंड झालेला चहा त्यांनी पुन्हा हातात घेतला. "म्हंजे हौसेची झोळी," म्हणाले. रागाने नव्हे, पण मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माईची हकिगत सांगावी असं ओठावर आलं होतं, पण माई शेजारीच उभी होती. आम्ही दोरी आणि खाटेला विणतात ती सुती नवार घेतली, दोन्ही नफ्यासकट, आणि बाहेर पडलो.

सागाची रांग

खांबला उतरून रिक्षा केली. ती रस्ता संपतो तिथे सोडून गेली. तिथून उतार, खाली ओढा, त्यावरचा साकव पावसात वाहून गेलेला, म्हणून दगडांवरून पाय टाकत पलीकडे जायचं. मग तासाभराची पायवाट. ती आमच्या जागेच्या कुंपणाला घासून वर कातकऱ्यांच्या वाडीकडे जाते. पिवळी पडलेली भातं, बांधावर तीळ, मागे निळा डोंगर. सुंदर आहे हो, नाही कशाला म्हणू? पण माझं सगळं लक्ष झाडांच्या बुंध्यांकडे होतं.

जागा राखायला वाडीतली जनी येते. चाळिशीची, काटक, तोंडाने फटकळ. तिने तांदळाच्या भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी करून ठेवली होती. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, हातावर थापून जाड. जनीची पांढरी, पातळ, पदर सुटलेली. माईने दीड भाकरी खाल्ली. ती तेवढं जेवली म्हणून मी इतकी हरखले की झोपेचंही जमणारच, असं मनात धरून बसले.

हे मोबाइलवर आधीच उतरवून आणलेले व्हिडिओ बघून झोळ्या बांधायला लागले. आधी एक टोक आंब्याला बांधलं. आंब्यावर तांबड्या मुंग्यांची घरटी होती, हे त्यांना सदऱ्यात मुंग्या शिरल्यावर कळलं. जनी पडवीच्या खांबाला धरून हसली. मग सागाची रांग धरली. दोरी बुंध्याला गुंडाळायची, तिच्याच फासातून ओवायची, वर-खाली करता यावं म्हणून हातभर अंतरावर गाठी मारायच्या आणि गाठीत कडी अडकवायची. दिसायला बेत झकास झाला. निळ्या दोऱ्यांवर तीन हिरव्या झोळ्या ओळीने लटकल्या.

मी झोका देऊन बघितला तशी जनी ओरडली, "गो ताई, रिकामी हलवू नको!"

रिकामा पाळणा हलवू नये हे आमच्याकडेही म्हणतात. मी हात काढला. "पण ही पाळणा थोडीच आहे?" म्हटलं. "ह्यात मोठी माणसं बसायची."

"आमच्यात मोठं मानूस झोळीत बसत नाय," जनी म्हणाली. "त्याला घालतात."

मी विचारलं, तुमच्या वाडीची झोळी कुठे असते? ती म्हणाली, या पावसात एका म्हातारीला खाली नेली तेव्हापासून वाडीवर धड दोरी नाही. "म्हातारी वाटंतच गेली. मंग दोरी तितंच टाकली. मानूस गेला का ती घरात माघारी आनत नाय. जगला वाचला तर आनायची." तिरडीचं सामान आपणही घरी आणत नाही. माईने हे सगळं ऐकलं.

ऊन उतरल्यावर माई झोळीत निजली. दोन्ही बाजूंना आम्ही. थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला. मला वाटलं, देव पावला. आणि मग किंकाळी. नायलॉन ताणलं जातं. वजनाने ते हळूहळू, बोटाबोटाने लांबत गेलं होतं आणि झोपलेल्या माईची पाठ जमिनीला टेकली होती. ती झोळीत गुरफटून धडपडत होती, "मला खाली घेऊ नका, मला खाली घेऊ नका," म्हणत होती. जनी चुलीजवळून धावत आली. तिने माईला मिठीत धरलं आणि मी जनीला केदारचं सगळं सांगितलं. "नाय गो माई," एवढंच म्हणत जनी तिची पाठ चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी नवार लावली. सुती नवार ताणत नाही, हे खरं. ती फाटते. आधी आपण बसून बघू, म्हणून हे बसले आणि टर्रकन आवाज होऊन दगडावर आपटले. एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी तिथेच बसून रडले. साध्या दोन पट्ट्यांवाचून माझी बहीण जगायची राहिली होती असं मला वाटत होतं, आणि आम्हाला ते दोन पट्टेही धड मिळत नव्हते. महागडे पट्टे का नाही घेतले, यावरून आम्ही दोघं भांडलो. माई पडवीतल्या खुर्चीवर बसून म्हणाली, "अगं, चला आता ठाण्याला. उगाच माझ्यामागे तुमचे हाल."

खांब

हे मात्र हट्टाला पेटले. तिसऱ्या दिवशी सकाळीच लंगडत खांबला गेले. महामार्गाचं काम तिथे किती वर्षं चाललंय ते विचारू नका, पण त्यामुळे ट्रक, डंपर आणि ते दुरुस्त करणारे मुबलक. एका टायरवाल्याच्या मागे त्यांना ट्रकवरचा माल आवळायचे पट्टे सापडले. चार बोटं रुंद, नारिंगी, ग्रीसने काळवंडलेले, एकाची कड भाजून वितळलेली. "ह्याच्यावर रोलर आवळून नेलाय," टायरवाला म्हणाला. "तुमची बायको काय जड हाय त्याच्यापुडं?" नव्यांची किंमत ऐकून ह्यांनी ते जुनेच आणले. एका झोळीपुरते होते. बाकी दोन झोळ्या राहिल्या निळ्या दोरीवर.

रुंद पट्ट्याने सागाची साल सोलवटत नाही आणि तो तसूभरही लांबत नाही. ह्यांनी झोळीत दगड भरून बघितले, मग ते स्वतः बसले, मग मी. जनीला आग्रह केला तर ती म्हणाली, "मला नको गो बाय. मला कुटं नेताव?" आणि पदर तोंडाला लावून हसली. मग लाकडं आणायला वर निघून गेली.

जेवणं झाल्यावर माई निजली. तिने हात खाली सोडून जमीन चाचपली. हात पोचला नाही. पुन्हा चाचपली. मग हात आत घेतला. मी समोर दगडावर बसून पट्ट्याकडे बघत होते, जसं काही माझ्या डोळ्यांनीच तो धरून ठेवला होता. माईचं तोंड किंचित उघडं पडलं. ती घोरायला लागली. आमची माई घोरायची, हे मी विसरूनच गेले होते. ह्यांनी मला खूण केली आणि आम्ही दोघं म्हाताऱ्यांसारखे, आवाज न करता रडलो.

तेवढ्यात पायवाटेवर माणसांचा आवाज आला.

पाच-सहा जण होते. गोधडीची टोकं हातांनी धरून ते खाली येत होते, अडखळत, आणि गोधडी मधोमध उसवत चालली होती. पुढे जनीचा नवरा राघो. तो कुंपणातून आत आला. "ताई, जनीला पान लागलं."

पान लागलं म्हणजे साप चावला. सापाचं नाव घेत नाहीत. लाकडाच्या मोळीत नाग होता. वरच्या टेकाडावरून फोन करून गाडी बोलावली होती, ती ओढ्यापलीकडे येणार होती, पण तिथवर असं हातांनी धरून नेता येणार नव्हतं. "झोळी द्या," राघो म्हणाला.

हे धावत निळ्या दोरीवरची झोळी सोडायला गेले. राघोने ती दोरी हिसकून ताणली. "ही लांबती. उतारावर दगडाला घासंल ती." त्याची नजर माईच्या झोळीवर गेली. माझीही. नारिंगी पट्टे, आणि त्यांच्यावर दीड वर्षानंतर झोपलेली माझी बहीण.

मी गप्प उभी राहिले. क्षणभरच, पण राहिले. पुढ्यात जनीच्या पापण्या मिटत होत्या आणि माझ्या मनात येत होतं, आणखी थोडं झोपू दे तिला.

माईच जागी झाली. तिने गोधडीतल्या जनीकडे बघितलं आणि झोळीतून पाय खाली टाकले. "सोडा," म्हणाली. "लवकर सोडा." कड्या निघाल्या, कुंपणाचा बांबू उपटला, पट्ट्यांचे वेढे बांबूवर बसले. जनीला आत घातली. माई राघोचा दंड धरून म्हणाली, "तिला कुठे खाली ठेवू नका हो. दम लागला तरी ठेवू नका." तो मान हलवून निघाला. माई त्यांच्यामागे ओढ्यापर्यंत गेली, मी तिच्यामागे. दगडांवरून ती झोळी पलीकडे जाताना दिसली. पट्टे ताठ होते.

परतीची वाट

त्या रात्री माई खुर्चीतच बसून होती. जागेवर रेंज नव्हती, म्हणून सकाळी ह्यांनी ओढ्यापलीकडे जाऊन फोन लावले. जनीला रोह्याला नेलं, एवढंच कळलं. वाडीवर जाऊन विचारायचा धीर मला झाला नाही. मी चुलीवर भात टाकला, तो करपला. कुणी खाल्ला नाही.

माई एकच प्रश्न विचारत होती. "पट्टे आणून देतील का गं?" पट्ट्यांचं तिला काही नव्हतं. माणूस वाचला तरच झोळीची दोरी माघारी येते, हे जनीनेच सांगितलं होतं. मी म्हटलं, "देतील की. आज नाही तर उद्या." असं म्हणताना माझा मलाच विश्वास वाटायला लागला.

संध्याकाळी पायवाटेवर राघो दिसला. एकटाच होता. हातात नारिंगी काहीतरी होतं. माई खुर्चीतून उठली. मी तिला इतकी भरभर उठताना कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. "आणले!" ती म्हणाली. "पट्टे आणले बघ! वाचली जनी!" आणि ती अंगणात धावली. मी तिच्यामागे हसत गेले. हो, हसत.

राघोने पट्टे पुढे केले. माईने ते दोन्ही हातांत घेतले, छातीशी धरले, आणि मग तिची बोटं त्यांवरून फिरायला लागली. ग्रीसचे डाग नव्हते. वितळलेली कड नव्हती. वरचा प्लॅस्टिकचा कागद अजून तसाच होता आणि त्यावर रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या एका दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली होती.

"हे नवे आहेत," माई म्हणाली.

"व्हय," राघो म्हणाला. "तुमचे माघारी आनता आले नाय. पुलापल्याड गेलो, अष्टमीतनं घेतले. तसलेच हायती का बघा."

जे पट्टे महाग म्हणून आम्ही घेतले नव्हते, ते हा माणूस बायकोला माती देऊन आमच्यासाठी घेऊन आला होता. हे काहीतरी पुटपुटले, नको, कशाला. राघोने ऐकलं नाही. तो माईकडे बघत होता.

"गाडीपर्यंत जिती पोचलीच नाय," तो म्हणाला. "ओढ्याच्या फुडं चढावर गेली. पन झोळी टेकली नाय, माई. तुमी बोलल्या व्हत्या ना. येक डाव बी खाली टेकली नाय. पट्टा चांगला व्हता."

एवढं बोलून तो अंगणातच मटकन बसला. माई पट्टे धरून उभी होती. मग ती हळूहळू वाकली, एक हात जमिनीला टेकला आणि त्याच्या शेजारी मातीत बसली.